वाचकांचे प्रश्न : हुरड्याची सहल, आईवडिलांना घेऊन

मागच्या अंकात ‘आईवडिलांसोबतची हिवाळ्यातली सहल’ या विषयावर आम्ही आठवणी मागवल्या होत्या. आलेल्या पत्रांत हुरडा पुन्हा पुन्हा डोकावला, आणि आठवण सांगून झाल्यावर बहुतेकांनी खाली एक प्रश्नही जोडला : तो दिवस आता परत जमवायचा तर कसा? त्यातले काही प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : अण्णा आम्हा भावंडांना दर वर्षी संक्रांतीच्या आधी शिरूरकडे त्यांच्या मित्राच्या शेतावर न्यायचे. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारपर्यंत हुरडा खायचा, काळे हात घेऊन परत यायचं. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी २६ जानेवारीच्या सुटीत आम्ही त्यांना एका हुरडा पार्टीला नेलं. हुरडा कडक आणि कोरडा होता, त्यांना चावेना. ते म्हणाले, “ही ज्वारी झाली, हुरडा कुठला?” आमचं काय चुकलं? — एक वाचक, पुणे

उत्तर : अण्णांचं बरोबर आहे. तुम्ही सुटी बघून गेलात, जायचं असतं पीक बघून.

रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. पेरणीपासून ९० ते १०० दिवसांनी दाणा हुरड्यात येतो. म्हणजे २० सप्टेंबरला पेरलेलं शेत नाताळच्या आसपास हुरड्याला येणार आणि १५ ऑक्टोबरचं संक्रांतीनंतर. १२० दिवसांच्या पुढे तेच पीक काढणीला येतं. गेल्या वर्षी तुम्ही गेलात तिथलं पीक बहुधा लवकर पेरलेलं असणार. २६ जानेवारीला त्याची भाकरी चांगली झाली असती. एका पेरणीचा हुरडा फार तर आठ-दहा दिवस चांगला लागतो. ऊन तापलं तर त्याहून कमी.

म्हणून जागा ठरवताना फोनवर जेवणाच्या ताटात काय काय आहे हे नंतर विचारा, आधी तीन गोष्टी विचारा. पेरणी कधीची? वाण कोणतं? आणि पेरणी एकदम केली की आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने? जो शेतकरी दरवर्षी हुरड्यासाठी पेरतो तो टप्प्यानेच पेरतो, आणि तारीख विचारल्यावर अडखळत नाही. “आमच्याकडे कधीही या, हुरडा असतोच” असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघा. असा हुरडा बऱ्याचदा बाहेरून सोलून, पिशवीतून आलेला असतो आणि तुमच्यासमोर फक्त तव्यावर गरम होतो.

वाणाचाही फरक पडतो. गुळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी हुरड्याची वाणं. दाणा गोड, आणि महत्त्वाचं म्हणजे चोळल्यावर टरफलातून सहज सुटणारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’, परभणीच्या विद्यापीठाची ‘परभणी वसंत’ ही वाणं मुद्दाम हुरड्यासाठी काढलेली आहेत. मालदांडी ही मुळात भाकरीची ज्वारी. तिचाही हुरडा खातात, पण टरफल चिवटपणे धरून बसतं आणि साफ करायला वेळ लागतो.

शेतावर पोचल्यावर कणीस हातात घेऊन एक दाणा अंगठ्याच्या नखाने दाबा. पांढरा चीक उडाला तर अजून चार-पाच दिवस आहेत. असं कणीस भाजलं की दाणे चिकट होतात आणि आकसतात. नख रुतलं, दाणा कणकेसारखा दबला आणि चीक बाहेर आला नाही, तर तो हुरडा. नख घसरलं तर वेळ गेली. हा दाणा कणसाच्या मध्यावरचा घ्या. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून फुलत खाली येतं, त्यामुळे शेंडा पुढे गेलेला असतो आणि बुडाचे दाणे मागे असतात. फक्त शेंडा कडक झालेला असेल तर तेवढा मोडून टाकायचा, बाकीचं कणीस वाया घालवायचं कारण नाही.

आणखी एक. कणीस कापल्यापासून दाण्यातली साखर कमी होत जाते, तिचा स्टार्च बनत राहतो. आदल्या दिवशी कापून ठेवलेली कणसं आणि सकाळी कापलेली कणसं शेजारी ठेवून खाल्ली तर कुणालाही फरक कळतो. लागतील तशी कापून आणायची, ढीग घालायचा असेल तर सावलीत ओल्या पोत्याखाली. अण्णांच्या मित्राकडे चव वेगळी लागायची यात आठवणीचा वाटा असेलच, पण बांधावरून आगटीपर्यंतच्या, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्यापर्यंतच्या, पाच मिनिटांचाही आहे.

प्रश्न : बार्शीजवळ आमचं शेत आहे. वडील होते तोवर आगटी तेच लावायचे, आम्ही फक्त खायचो. आता आईला आणि मुलांना घेऊन जातो, पण माझ्या हातची कणसं बाहेरून करपतात, आतून कच्ची राहतात आणि सगळ्याला धुराचा वास येतो. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुम्ही जाळावर भाजताय. हुरडा फुफाट्यात, म्हणजे निखाऱ्यावरच्या गरम राखेत, भाजायचा असतो.

आठ-दहा माणसांसाठी फूटभर खोल आणि दीड फूट रुंद खड्डा पुरे. त्याहून मोठा केला तर मधोमध हात पोचत नाही. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला माणसं बसतील असा विचार करून जागा निवडा. सकाळी वारा पडलेला असतो आणि दहानंतर सुटतो, म्हणून दोन्ही वेळचा अंदाज घ्या. कडब्याच्या गंजीपासून, उभ्या पिकापासून आणि वाळलेल्या बांधापासून आगटी चांगली लांब हवी. एक ठिणगी वर्षाचा चारा नेते. पाण्याची भरलेली घागर शेजारी ठेवूनच काडी ओढायची.

खड्ड्यात तळाला थोडी पाचट किंवा तुराट्या, त्यावर पंधरा-वीस शेणाच्या गोवऱ्या उभ्या, एकमेकींना टेकवून. गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, मोडल्यावर आत ओल दिसली तर धूर होणारच. रॉकेल अजिबात नको, रंगवलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड नको, प्लॅस्टिकचा तर तुकडाही नको. तो वास कणीस पकडून ठेवतं. पेटवल्यापासून पाऊण ते एक तास थांबायचं. इथेच बहुतेकांची घाई होते, कारण माणसं भुकेली असतात. तो वेळ बोरं, पेरू आणि ऊस यांच्यावर काढा. जाळ बसला, धूर थांबला, वर राखाडी थर आणि खाली लाल निखारा दिसू लागला की आगटी तयार.

कणीस कापताना खाली वीतभर दांडा ठेवा, तोच तुमचा चिमटा. एका वेळी पाच-सहा कणसं कडेच्या गरम राखेत सरकवायची, निखाऱ्याच्या मधोमध नाही. अर्ध्या मिनिटाने फिरवायची. दोन-तीन मिनिटांत हिरवा रंग मावळतो, दाणे तडतडायला लागतात आणि भाजक्या दाण्याचा गोडसर वास येतो. तडतड ऐकू आली की काढायचं. आणखी मिनिटभर ठेवलं तर कडेचे दाणे काळे. बाहेर काढल्यावर दांडा धरून कणीस दगडावर दोनदा आपटा, राख झडते.

मग चोळणं, आणि तेही लगेच. कणीस गरम आहे तोवर दाणा टरफलातून सुटतो, गार झालं की दोघं एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून भाजणारा एक आणि चोळणारे दोन असं गणित हवं. एकट्याने दोन्ही करायला गेलं की एक तर करपतं नाही तर गार होतं. ज्यांचे हात सवयीचे नाहीत त्यांनी कणीस जाड सुती पिशवीत घालावं, तोंड आवळावं आणि वरून चोळावं किंवा छोट्या काठीने हलकं बडवावं. जोरात बडवलं तर कोवळा दाणा चेचतो. नंतर सुपात पाखडायचं. सूप नसेल तर परातीत घेऊन फुंकर मारायची, पण फुंकताना डोळे मिटा, कुसळं डोळ्यात जातात. चांगल्या भरलेल्या कणसातून पन्नास ते ऐंशी ग्रॅम दाणे निघतात. माणशी तीन कणसं धरा, मुलांना दोन, आणि वर दहा-बारा जास्तीची.

निघताना खड्ड्यात पाणी ओतून काठीने ढवळा आणि पुन्हा ओता. वरची राख विझलेली दिसली तरी खाली गोवरी तासन्‌तास धुमसत राहते.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. तिला मधुमेह, कवळी आणि गुडघेदुखी. तिचं बालपण मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे हुरडा म्हटलं की ती लहान मुलीसारखी होते. डोंबिवलीहून एका दिवसात जाऊन यायचं तर कितपत शहाणपणाचं? — एक वाचक

उत्तर : मंगळवेढ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण डोंबिवलीहून मंगळवेढा एका दिवसात नको. जाऊन-येऊन दिवस गाडीतच जाईल. जुन्नर, शिरूर, सासवड, दौंड या पट्ट्यात बघा.

आधी पोटाचं. ओला असला तरी हुरडा धान्यच आहे, पोटाला जड. गोडीमुळे किती खाल्ला ते कळत नाही. शिवाय तो एकटा येत नाही. गूळ, गोडी शेव, रेवड्या, उसाचा रस हे सगळं आजूबाजूला मांडलेलं असतं. साखरेच्या दृष्टीने खरा धोका या मंडळींचा. आईंनी हुरडा एक वाटी खावा, चटणी आणि दह्याशी, आणि त्या दिवशी भाकरी-भात सोडावा. रस आणि गूळ चवीपुरता. गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, कारण तिथे जेवण हमखास दोनच्या पुढे जातं. हरभऱ्याचा हावळा (ओले हरभरे) भाजत असतील तर तो थोडाच. संध्याकाळी गाडीत पोट फुगतं ते त्याच्यामुळे, आणि बोल बसतात हुरड्याला.

कवळीचा त्रास दाण्याने होत नाही, टरफलाने होतो. एक कुसळ कवळीखाली गेलं की सहल संपली. आईंच्या वाटणीचा हुरडा दोनदा पाखडून, ताटात पसरून, हाताने निवडून द्या. तरीही जमत नसेल तर दाणे खलबत्त्यात जाडसर ठेचून त्यात मीठ, जिरं, हिरवी मिरची आणि थोडं बेसन घालून थालीपीठ लावायला सांगा. बहुतेक शेतावरच्या चुलीवर तवा असतोच.

बसायची सोय आधी विचारा. आगटीभोवती सगळे जमिनीवर बसतात आणि गुडघेदुखीच्या माणसाला चार तास खाटेवर लांब बसवून ठेवतात. मग सोबत आल्याची मजा काय राहिली? हातांची आणि पाठीची खुर्ची न्या, वारा येतो त्या बाजूला आगटीपासून पाच-सहा फुटांवर मांडा आणि सूप त्यांच्या मांडीवर द्या. पाखडायचं काम त्यांचं. दमा किंवा श्वासाचा जुना विकार असेल तर मात्र धुराच्या टप्प्यात लांबच बसवा, फुफाटा झाल्यावर जवळ आणा. काळ्या रानातली ढेकळं पायाखाली फिरतात, तेव्हा चप्पल नको, बंद बूट, आणि काठीला रबरी बूच. कमोडची सोय आहे का हे फोनवर स्पष्ट विचारा. “सगळी सोय आहे” हे उत्तर धरू नका.

कपडे थरांचे. जानेवारीत त्या भागात सकाळी दहा अंशांच्या आसपास तापमान असतं आणि दुपारी तीसच्या घरात जातं. एकच जाड स्वेटर असेल तर सकाळी थंडी आणि दुपारी घाम. स्वेटरच्या आत सुती पूर्ण बाह्यांचं काही हवं, ज्वारीची लव अंगाला लागली की खाज सुटते.

परतीला शेतावरून साडेतीनला निघा, त्याच्या पुढे नाही. हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने चाललेले असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, परावर्तक उसाखाली झाकलेला असतो. दिवस मावळल्यावर ते दिसतात तेव्हा फार जवळ आलेले असतात. डोंबिवली गाठायला अंधार होणारच, पण निदान ऊसपट्टा उजेडात मागे पडावा.

प्रश्न : बाबांनी मला लहानपणी भिगवणला फ्लेमिंगो दाखवले होते. यंदा नाताळच्या सुटीत बाबांना आणि मुलाला घेऊन गेलो तर पाणीच पाणी, फ्लेमिंगो नाहीत. पक्षी येणं बंद झालं का? हुरडा आणि पक्षी एका दिवसात होतात का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : बंद झालेलं नाही, तुम्ही लवकर गेलात. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पाऊस चांगला झाला की पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं आणि काठ खोल पाण्याखाली. फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी धरून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो. त्याला उभं राहता येईल इतपतच पाणी लागतं. सिंचनासाठी पाणी सुटत जातं, पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा थवे दिसू लागतात. साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी आणखी उशिरा. नाताळात गेलात तर चक्रवाक, पट्टकादंब, चित्रबलाक, शेकाटे हे बघायचे, आणि पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेला असतो हे मुलाला सांगायचं. तेही कमी नाही.

दोन्ही एका दिवसात हवं असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला, एवढीच फट आहे. तेव्हा हुरडा संपत आलेला असतो आणि फ्लेमिंगो येऊ लागलेले असतात. उशिरा पेरलेलं शेत हुडकून ठेवावं लागेल. हडपसरहून भिगवण शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, सोलापूर महामार्गाने. पहाटे साडेचारला निघा, साडेसहाला कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर असा. नऊनंतर ऊन आणि वारा वाढतो, पाण्यावर चकाकी येते, दुर्बिणीतूनही नीट दिसत नाही. दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून जास्तीची नावेत हलत राहते.

नावा स्थानिक मच्छीमारांच्या असतात. काठ निसरडा असतो आणि नावेची कड गुडघ्याएवढी उंच. बाबांना चढवताना नाव आधी काठाला लावून दोघांनी धरावी, त्यांनी कडेवर आधी बसावं, मग पाय एकेक करून आत घ्यावेत. उभ्याने पाऊल टाकायला लावू नका. लाइफ जॅकेट सगळ्यांना, बाबांना सुद्धा, “मला पोहता येतं” म्हणाले तरी. आणि थवा उडवून दाखवायची फर्माईश नावाड्याला करू नका. फोटो छान येतो, पण पक्ष्याचं खाणं तुटतं, आणि सकाळभर प्रत्येक नावेने तेच केलं तर थवा ती जागा सोडतो. तिथून दहाला निघून अकरापर्यंत आगटीपाशी.

प्रश्न : हुरड्यासोबत आईची चटणी आठवते, तशी जमत नाही. — एक वाचक, सोलापूर सोडून आलेली, बडोदा

उत्तर : शेंगदाणे एक वाटी, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, सालं सुटेपर्यंत. पूर्ण गार होऊ द्या, मग सालं काढा. लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, जिरं एक चमचा, तिखट दोन चमचे, मीठ. लसूण, जिरं, मीठ आधी खलबत्त्यात कुटा, मग दाणे थोडे थोडे. दाण्याला तेल सुटून चटणीचे खडे बांधले जाईपर्यंत कुटायचं, तिथेच लोक कंटाळतात आणि कोरडं कूट खातात. मिक्सर सलग फिरवला तर चटणीचा लगदा होतो. थांबत थांबत, एकेक झटका द्या.

प्रश्न : आईला प्रवास झेपणार नाही. बाजारात सोललेला हुरडा मिळतो तो घरी आणून चालेल का? टिकतो किती? — एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, पण घेताना मूठभर हुंगून बघा. आंबूस वास, बुळबुळीतपणा किंवा पिशवीत आतून पाणी सुटलेलं असेल तर घेऊ नका. दाणा हिरवट आणि सुटा हवा. फ्रिजमध्ये दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचा तर घरी आणल्याबरोबर एका वेळेपुरत्या छोट्या पिशव्या भरा, हवा काढा आणि फ्रीझरमध्ये टाका. पुढे वितळू न देता थेट कढईत. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, मध्यम आच, दोन वाट्या हुरडा, सतत हलवत चार-पाच मिनिटं, मीठ शेवटी. आधी मीठ घातलं तर पाणी सुटून दाणे चिवट होतात. कढई गच्च भरू नका, नाहीतर दाणे भाजण्याऐवजी वाफवले जातात. आणि कणसं दांड्यासकट मिळाली तर तीच घ्या. गॅसच्या मंद आचेवर जाळी ठेवून, फिरवत भाजा, ताटात चोळायला आईंच्या हातात द्या. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका, टरफलं घरभर होतात.